गेलेल्या माणसाचं रिटर्न भरताना

काकांचं निधन १८ नोव्हेंबर २०२४ ला झालं. वय ७४, राज्य सरकारी नोकरीतून निवृत्त. मागे काकू, एक मुलगा, एक मुलगी. मृत्युपत्र नव्हतं. जानेवारीत फाइल आमच्याकडे आली तेव्हा काकूंचा पहिला प्रश्न होता, "आता त्यांचं पॅन कार्ड परत करून टाकू ना?"

नाही. पॅन सर्वात शेवटी. माणूस गेला म्हणून त्याचं आयकर खात्याशी असलेलं नातं त्या दिवशी संपत नाही. १ एप्रिल २०२४ ते १८ नोव्हेंबर २०२४ या काळातलं उत्पन्न त्यांचंच, त्यांच्याच पॅनवर दाखवायचं आणि रिटर्न वारसाने भरायचं. त्या वर्षाला लागू असलेल्या आयकर कायदा १९६१ चं कलम १५९ हेच सांगतं. काकूंना धास्ती होती ती वेगळीच, की त्यांची काही थकबाकी निघाली तर आपल्या दागिन्यांवर येईल का. वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, स्वतःच्या पैशातून भरावं लागत नाही. मात्र कर बाकी असताना ती मालमत्ता विकून किंवा वाटून मोकळं झालं, तर तेवढ्या किमतीपुरती जबाबदारी व्यक्तिशः अंगावर येते. म्हणून आधी कर, मग वाटणी.

कामाची सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून. नोंद २१ दिवसांच्या आत केली तर विलंब शुल्क लागत नाही. दाखल्याच्या दहा-बारा प्रती आधीच घेऊन ठेवाव्यात, प्रत्येक टेबलावर एक जाते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यावरचं नाव. आपल्याकडे एकाच माणसाची तीन नावं असतात. दाखल्यावर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, बँकेच्या पासबुकात नुसती आद्याक्षरं. इथेही तेच होतं. दाखल्यात चूक असेल तर ती नोंदणी कार्यालयातूनच दुरुस्त करून घ्यावी. नुसता लिहिण्याचा फरक असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र चालतं. बँकेसाठीच्या अशा कागदाला महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांचा स्टँप पुरत नाही, ५०० चा लागतो. घरात जुने १०० चे पेपर पडलेत म्हणून त्यावर टाइप करून आणलं, तर पुन्हा खेप.

काकांचा मोबाइल नंबर लगेच बंद करू नका, हेही पहिल्याच दिवशी सांगितलं. पुढचे काही महिने त्यावर येणारे मेसेज हीच घरच्यांना नसलेली यादी असते. कुठल्या खात्यातून एसआयपी जाते, कुठला विम्याचा हप्ता कापला जातो, कुठली एफडी पिकली, हे सगळं त्यातून कळतं. पण त्या नंबरवर येणारा आधारचा ओटीपी वापरून त्यांच्याच लॉगिनमधून रिटर्न भरायचं नाही. हा मोह फार जणांना होतो, कारण पासवर्ड घरात माहीत असतो आणि काम दहा मिनिटांत उरकतं. पण गेलेल्या माणसाच्या नावाने, त्याने स्वतः सत्यापित केल्यासारखं दाखवलेलं ते रिटर्न असतं. पुढे परताव्यात किंवा नोटिशीत अडकलं की त्याचा बचाव करता येत नाही.

त्यांचा पॅन आधारशी जोडलेला आहे ना, हे याच वेळी पाहून घ्यावं. पॅन निष्क्रिय असेल तर परतावा थांबतो, आणि माणूस गेल्यावर जोडणी करणं दुरापास्त. काकांचा जोडलेला होता, तेवढी एक कटकट वाचली.

वारस म्हणून नोंदणी ही खरी पायरी. ती काकूंच्या स्वतःच्या लॉगिनमधून होते. आयकर पोर्टलवर 'ऑथराइज्ड पार्टनर्स' या मेन्यूत 'रजिस्टर ॲज रिप्रेझेंटेटिव्ह असेसी', मग 'क्रिएट न्यू रिक्वेस्ट' आणि प्रकारात 'डिसीज्ड' निवडायचं. काकांचा पॅन, नाव, मृत्यूची तारीख भरायची आणि कागद जोडायचे: काकांच्या पॅनची प्रत, काकूंच्या पॅनची स्वतः सही केलेली प्रत, मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा. जोडपत्र पाच एमबीच्या आत बसायला हवं, त्यामुळे मोबाइलवर काढलेले रंगीत फोटो आधी लहान करून घ्या. हमीपत्र ऐच्छिक आहे. काकांच्या नावे निघालेल्या आदेशाची प्रत फक्त त्या आदेशाविरुद्ध अपील करायचं असेल तरच.

वारस असल्याचा पुरावा म्हटलं की लोक थेट कोर्टाची पायरी चढायला निघतात. इथे त्याची गरज नसते. कोर्टाचं वारस प्रमाणपत्र चालतं, महसूल अधिकाऱ्याने दिलेला वारस दाखला किंवा हयात कुटुंबीयांचा दाखला चालतो, नोंदणीकृत मृत्युपत्र चालतं, सरकारने दिलेलं कुटुंब निवृत्तिवेतनाचं प्रमाणपत्र चालतं. आणि सगळ्यात कमी खटपटीचं म्हणजे बँकेचं पत्र: मृत्यूच्या वेळी खात्याला नॉमिनी किंवा संयुक्त खातेदार कोण होतं ते सांगणारं, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. आम्ही हाच मार्ग धरला.

पहिलं पत्र नाकारलं गेलं. बँकेने ते साध्या कागदावर दिलं होतं, खाली सही होती पण शिक्का नव्हता, आणि मजकुरात 'आमच्या नोंदीनुसार' एवढं लिहून नॉमिनीचं नाव टाकलं होतं. खाते क्रमांक नाही, मृत्यूची तारीख नाही. दुसऱ्या वेळी आम्हीच मसुदा टाइप करून शाखेत दिला: काकांचं पूर्ण नाव पॅनप्रमाणे, खाते क्रमांक, मृत्यूची तारीख, त्या तारखेला नोंदवलेला नॉमिनी, नातं. अधिकाऱ्याने लेटरहेडवर घेऊन गोल शिक्का मारला. विनंती नाकारली गेली की जुनीच दुरुस्त करत बसू नये, कारण वाचून नवी टाकावी. दुसरी विनंती आठवड्यात मंजूर झाली. मग काकूंच्या लॉगिनमध्ये वर उजवीकडे नावावर क्लिक करून काकांचं प्रोफाइल निवडता येतं. तिथून पुढे सगळं काम काकांच्या पॅनवर, पण काकूंच्या अधिकारात.

आता आकडे. खरा वेळ इथेच गेला.

पेन्शन दरमहा ४२,००० रुपये. बँकेला निधन कळवायला जानेवारीचा पहिला आठवडा उजाडला, तोवर नोव्हेंबरची पूर्ण आणि डिसेंबरची पेन्शन जमा झालेली. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंत, तो दिवस धरून मिळते आणि कुटुंब निवृत्तिवेतन दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं. म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर सात महिन्यांचे २,९४,००० आणि नोव्हेंबरच्या १८ दिवसांचे २५,२००, एकूण ३,१९,२००. जमा झाले होते नऊ महिन्यांचे ३,७८,०००. जास्तीचे ५८,८०० बँकेने नंतर वळते करून घेतले, ते ठीकच, पण फॉर्म १६ वर (बँक देते ते पेन्शन आणि कापलेल्या कराचं प्रमाणपत्र) ३,७८,००० तसेच छापून आले. वसुलीची तारीख आणि रक्कम लिहिलेलं पत्र शाखेकडून मागून घेतलं आणि रिटर्नमध्ये ३,१९,२०० च दाखवले. अशा वेळी "फॉर्म १६ जसा आहे तसा टाका" असं सांगणारे भेटतात. जे पैसे परत गेले त्यावर कर कशाला भरायचा?

एफडीच्या व्याजाचं त्याहून नाजूक. एआयएसमध्ये (आयकर पोर्टलवर आपल्या उत्पन्नाची माहिती दिसते ते वार्षिक पत्रक) वर्षभराचं व्याज १,८६,००० आणि टीडीएस (बँकेने आधीच कापलेला कर) १८,६००, सगळं काकांच्या पॅनवर, कारण बँकेने एफडी मार्चपर्यंत त्यांच्याच नावे चालवली. पण १९ नोव्हेंबरपासूनचं व्याज काकांचं नाही, वारसांचं आहे. बँकेकडे तारखेनुसार फोड करून प्रमाणपत्र मागितलं. शाखेतलं सॉफ्टवेअर आर्थिक वर्षाचंच प्रमाणपत्र देतं, असं उत्तर आलं, तेव्हा एफडीनिहाय व्याजाचा उतारा घेऊन हिशेब आम्हीच केला आणि त्यावर शाखेची सही घेतली. १ एप्रिल ते १८ नोव्हेंबर हे २३२ दिवस: १,१८,२२५ रुपये. उरलेले १३३ दिवस: ६७,७७५. टीडीएसही त्याच प्रमाणात, ११,८२२ आणि ६,७७८.

काकांच्या रिटर्नचा हिशेब असा झाला. नव्या करप्रणालीत पेन्शन ३,१९,२०० वजा प्रमाणित वजावट ७५,००० म्हणजे २,४४,२००. ही वजावट पूर्ण मिळते. माणूस साडेसात महिनेच जगला म्हणून तिचे तुकडे करायचे नाहीत, करमुक्त मर्यादेचेही नाहीत. त्यात एफडीचं व्याज १,१८,२२५ आणि दुसऱ्या एका बँकेतल्या संयुक्त बचत खात्याचं ६,२००. एकूण ३,६८,६२५. २०२४-२५ च्या दराने तीन लाखांवरच्या भागावर पाच टक्क्यांनी ३,४३१ कर निघाला आणि कमी उत्पन्नासाठीच्या कलम ८७ए च्या सवलतीत शून्य झाला. जुन्या प्रणालीत ५०,००० ची प्रमाणित वजावट आणि ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी ८०टीटीबीची ५०,००० धरून ३,४३,६२५ वर येतं, तिथेही कर शून्यच. म्हणजे ११,८२२ पूर्ण परत. काकूंनी विचारलं, कर शून्य असेल तर रिटर्न कशाला? कारण ८०टीटीबीसारख्या वजावटी घेण्याआधीचं उत्पन्न तीन लाखांच्या वर होतं, त्यामुळे भरणं बंधनकारकच. आणि न भरता टीडीएस परत कोण देणार?

एआयएसमध्ये अभिप्राय नोंदवायला विसरू नये. व्याजाच्या ओळीवर 'माहिती दुसऱ्या पॅनशी किंवा वर्षाशी संबंधित' असा पर्याय असतो, तो निवडून काकांची नसलेली रक्कम टाकली. पेन्शनच्या ओळीवर 'माहिती पूर्णपणे बरोबर नाही' निवडून खरा आकडा दिला.

फॉर्म आयटीआर-१ नको, आयटीआर-२. पेन्शन आणि व्याज एवढंच उत्पन्न असलं की हात आपोआप आयटीआर-१ कडे जातो. पण कापलेल्या टीडीएसचा काही भाग दुसऱ्या माणसाकडे जाणार असेल तर आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-२ च्या टीडीएसच्या तक्त्यात नियम ३७बीए(२) खाली दुसऱ्याच्या हाती दावा करायच्या रकमेचा रकाना असतो. काकांच्या रिटर्नमध्ये ६,७७८ तिथे लिहिले. वारसांनी आपापल्या आयटीआर-२ मध्ये 'दुसऱ्या व्यक्तीशी संबंधित टीडीएस' म्हणून काकांचा पॅन टाकून आपला हिस्सा मागितला. त्याआधी बँकेला लेखी कळवणं हा नियमाचाच भाग आहे, पोच असलेली प्रत फाइलला लावली.

हिस्सा किती? मृत्युपत्र नाही, त्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी समान. काकांच्या आई हयात असत्या तर त्यांचाही तेवढाच वाटा असता. तरुण वयात माणूस गेला की घरचे नेमकी आईच विसरतात. म्हणून ६७,७७५ चे तीन भाग, प्रत्येकी साधारण २२,५९२ रुपये आणि टीडीएस २,२५९. "एवढ्याशा रकमेसाठी तिघांच्या रिटर्नमध्ये कशाला घालायचं, बाबांच्याच रिटर्नमध्ये सगळं दाखवून टाका," असं मुलाचं म्हणणं. बरेच जण तसंच करतात, आणि कर शून्यच राहत असल्यामुळे बहुतेकदा कोणी विचारतही नाही. पण मुलगा ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहे. त्याचा वाटा वडिलांच्या सवलतीत बसवून करमुक्त करणं म्हणजे स्वतःचा कर वाचवणंच झालं. एफडी काही लाखांऐवजी दोन कोटींच्या असत्या तर? पद्धत एकदा लावली की रक्कम लहान-मोठी पाहायची नाही, असं आमचं मत.

दरम्यान एफडी काकूंच्या नावे व्हायच्या होत्या आणि शाखेने दोन जामीनदारांसह हमीपत्र मागितलं. नॉमिनी नोंदवलेला असताना. २००५ पासून रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत की नॉमिनी किंवा हयात संयुक्त खातेदार असेल तर उत्तराधिकार प्रमाणपत्र, हमीपत्र, जामीन यांचा आग्रह धरू नये आणि कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावा. काउंटरवर वाद घालून उपयोग नसतो. एक पानी अर्ज, त्यात सूचनेचा उल्लेख, पोच घेऊन दिला. आठ दिवसांत हमीपत्राचा विषय गळाला. नसता गळला तर बँकेच्या तक्रार विभागाकडे, तिथे ३० दिवसांत समाधान नाही झालं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे फी नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मात्र घरात आधीच स्पष्ट असावं. नॉमिनीला पैसे देऊन बँक मोकळी होते, वारसांचे हक्क तसेच राहतात. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. आयुर्विमा तेवढा वेगळा: २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच. इथे दोन्ही मुलांनी आपला वाटा आईकडेच राहू दिला. तसं साध्या कागदावर तिघांच्या सह्यांनी लिहून ठेवलं. मुलांनी आईला दिलेल्या पैशावर आईला कर नाही, आणि पुढचं व्याज आईचंच, ते मुलांच्या उत्पन्नात परत मिळवलं जात नाही. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशाचा नियम इथे लावून लोक उगाच घाबरतात. वारशाने मिळालेली मूळ रक्कम तर कोणाच्याच हातात करपात्र नाही.

पोस्टातलं ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खाते काकूंनी मोडायचं ठरवलं होतं, ते थांबवलं. पत्नी संयुक्त खातेदार किंवा एकमेव नॉमिनी असेल, वयाने पात्र असेल आणि तिचं स्वतःचं असं खातं नसेल, तर ते मुदतीपर्यंत तसंच चालवता येतं. पुढे चालवलं नाही तर मृत्यूच्या तारखेपासून साध्या बचत खात्याचा दर लागतो. दोन्हीत फरक बराच पडतो, त्यामुळे हा अर्ज रेंगाळू देऊ नये.

काकूंचं स्वतःचं रिटर्न वेगळं. कुटुंब निवृत्तिवेतन 'इतर उत्पन्न' या सदरात जातं, पगाराच्या नाही, म्हणून ७५,००० ची वजावट त्याला लागत नाही. मिळालेल्या रकमेचा एक तृतीयांश किंवा नव्या प्रणालीत २५,०००, यातलं कमी ते वजा होतं. यावर टीडीएस कापला जात नाही, त्यामुळे कर लागत असेल तर आठवण ठेवून स्वतः भरायचा. पुढच्या वर्षासाठी काकूंनी स्वतःचा १५एच (व्याजावर टीडीएस कापू नका असं सांगणारा ज्येष्ठांचा फॉर्म) बँकेत दिला. गेलेल्या माणसाने असा फॉर्म दिला असेल तर तो त्याच्याबरोबरच संपतो.

त्या वर्षीची ३१ जुलैची मुदत आधी १५ आणि मग १६ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढली. आम्ही १० सप्टेंबरला काकांचं रिटर्न दाखल केलं आणि काकूंच्या आधार ओटीपीने लगेच सत्यापित केलं. काकूंचा मोबाइल आधारशी जोडलेला नव्हता, ते ऑगस्टमध्येच आधार केंद्रात जाऊन करून घेतलं होतं. सत्यापनाला ३० दिवस मिळतात, पण मोबाइल जोडणीसाठी शेवटच्या आठवड्यात धावपळ नको.

परतावा कुठल्या खात्यात घ्यायचा हे फेब्रुवारीतच ठरवून ठेवलं होतं. खातं काकांच्या पॅनवर आधी प्रमाणित झालेलं हवं. एफडी आणि पेन्शनच्या बँकेत त्यांचं नाव कमी झालं होतं, तिथे परतावा गेला असता तर पॅन जुळत नाही म्हणून अडकला असता. दुसऱ्या बँकेतलं, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या पद्धतीचं संयुक्त खातं प्रमाणित होतं. तेच दिलं, आणि त्यातलं नाव कमी करायचा अर्ज परतावा जमा झाल्यावर दिला. ज्यांचं असं खातं नसेल त्यांनी बँकेला 'कै. अमुक यांची इस्टेट' या नावाचं खातं उघडायला सांगावं. मागाहून येणारे पैसे त्यात जमा होतात. अशी व्यवस्था नसेल तर बँक 'खातेदार मृत' असा शेरा मारून रक्कम परत पाठवू शकते.

ऑक्टोबरात ११,८२२ आले, वर थोडं व्याज. ते व्याज वारसांच्या २०२५-२६ च्या उत्पन्नात.

फ्लॅटचं काम अजून चालू आहे. काकूंना सोसायटीने नॉमिनी म्हणून तात्पुरतं सभासद केलंय. पक्कं सभासदत्व हवं तर वारस प्रमाणपत्र किंवा कुटुंबातल्या वाटणीचा दस्त लागेल. विकायचा विचार निघाला तर खरेदीची तारीख काकांचीच, १९९२ ची धरली जाईल. १ एप्रिल २००१ ची वाजवी किंमत घेता येईल, पण त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त नाही. कर महागाई निर्देशांकाशिवाय १२.५ टक्के किंवा निर्देशांक लावून २० टक्के, जो कमी पडेल तो. काकांची १९९२ ची करारप्रत सापडत नव्हती, सोसायटीच्या फाइलमध्ये झेरॉक्स निघाली.

गोव्यातल्या वाचकांना यातलं बरंच वेगळं दिसेल. तिथे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, पगार सोडून बाकीचं उत्पन्न कलम ५ए प्रमाणे आधीपासूनच दोघांत अर्धं-अर्धं दाखवलं जातं, त्यामुळे वारसांत वाटायला येतो तो मृताचा अर्धाच.

आणि पॅन? परतावा जमा झाला, शेअर काकूंच्या डीमॅटमध्ये आले, मागच्या वर्षांची काही मागणी पोर्टलवर दिसत नाही हे पाहिलं, मग मूल्यांकन अधिकाऱ्याला एक साधा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि पॅनची प्रत. पोच फाइलला लावली.